विरजणाची वाटी

वाटी आजही दारात आली. स्टीलची, काठाला चेपलेली. मागं पुतळाबाई उभी.

"मावशी, जरा इरजण द्या वो."

लक्ष्मीबाईनं चमचाभर दही वाटीत टाकलं. पुतळाबाई लगेच हलली नाही. तिनं गुडघा कसा आहे विचारलं, चहा झाला का विचारलं, आणि बोलता बोलता डोळे आत, थेट न्हाणीघराच्या दारापर्यंत फिरवून आणले. मग वाटी पदराखाली झाकून निघून गेली.

दिवाळीपासून हे रोजचंच झालं होतं. एखाद्या दिवशी कुणाचंही विरजण बिघडतं. पण पुतळाबाईच्या घरामागं मोकळ्या प्लॉटवर दोन म्हशी बांधलेल्या. बजाजनगरच्या त्या अख्ख्या गल्लीला दूध तिचंच. माहेरी, वैजापूरकडं, पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या-मेंढरं. असल्या बाईच्या घरात चमचाभर दही नाही, हे लक्ष्मीबाईच्या गळी उतरत नव्हतं.

गल्लीच्या तर मुळीच नाही. नळाला पाणी यायच्या दिवशी बाया हंडे घेऊन जमत, आणि पाणी कमी आलं तरी गप्पा कधी कमी पडत नसत. समोरच्या गोजरबाईनं हंडा नळाखाली सरकवत विषय काढला.

"दूध इकणारीला इरजण नाय व्हय? घर हेरती ती, लक्ष्मीबाई. तिचा पोरगा अंगद लग्नाचा झालाय. भाड्याच्या दोन खोल्यांत सून मावायची नाय. अन तुम्ही हाय एकट्या."

त्या घरात लक्ष्मीबाईचा जीव होता. कारभारीनं, तिच्या नवऱ्यानं, कंपनीत ओव्हरटाइम करून एकेक खोली बांधली होती. तो गेल्यावर तिनं ते एकटीनं राखलं. लेक सुदर्शन नोकरीपायी चाकणला. दिवाळीत ती न्हाणीघरात घसरून पडली तेव्हा तो घर विकायचं ठरवून तिला न्यायलाच आला होता. "मी इथून हलायची नाय," असं तिनं ठणकावलं आणि दुसऱ्या दिवशी लेक मुकाट परत गेला. आपल्या जिभेला अजून धार आहे, याचा तिला केवढा तरी अभिमान होता.

पण लेक निदान समोर येऊन भांडला होता. ही बाई गोड बोलत उंबऱ्यापर्यंत पोचली होती. तिचं खरं-खोटं करायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीबाईनं तांदळाची पेज घट्ट शिजवली, गार केली आणि दह्याच्या जागी चमचाभर पेज वाटीत घातली. अधू डोळ्यांचं माणूस फसलं असतं. पण जिचा जन्म दुधात गेला तिला कळायला नको? पुतळाबाईनं वाटीत पाहिलं, जराशी थांबली, आणि नेहमीसारखा गुडघा विचारून गेली.

पुढच्या सकाळी वाटी आल्या आल्या लक्ष्मीबाईनं विचारलं, "काल दही लागलं का गं?"

"लई झ्याक मावशी. सुरीनं कापावं असं."

पेजेचं दही लावणारी बाई लक्ष्मीबाईनं सत्तर वर्षांत पाहिली नव्हती. म्हणजे विरजण हे नुसतं निमित्त होतं. गोजरबाई खरंच बोलत होती.

"उद्यापासून ह्या दारात वाटी आणू नको," ती म्हणाली आणि तिनं धाडकन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी वाटी आली नाही. लक्ष्मीबाईनं निवांत चहा केला. तो संपायच्या आत फोन वाजला.

"आई, बॅग भरून ठेव," सुदर्शन म्हणाला. "रविवारी न्यायला येतोय. आता तुझं ऐकणार नाही."

"का रे? धडधाकट हाय मी."

"हे मला रोज कोण सांगत होतं? पुतळाबाई. दिवाळीत मी तुझ्या ओरडण्यानं परत गेलो असं वाटलं तुला? त्या मध्ये पडल्या. म्हणाल्या, मावशीला घरातून उपटून नेऊ नका, मी रोज सकाळी बघून येते आणि तुम्हाला फोन करते. आज फोन आला नाही म्हणून मी लावला. तर तू त्यांना दार बंद केलंस म्हणे."

"मग इरजण?" तिनं हळूच विचारलं.

"तुझी कुणी काळजी घेतलेली खपते का तुला? त्या म्हणाल्या, मावशीला देणारीच राहू द्या, मी मागणारी होते."

शरमेनं लक्ष्मीबाईचे कान तापले. पलीकडं सुदर्शन हॅलो हॅलो करत राहिला.

"रविवारी ये," ती शेवटी म्हणाली. "पण जेवायला ये. बॅग भरायची नाय मी."

फोन ठेवून तिनं फडताळातली आपली एक वाटी काढली आणि भिंतीचा आधार घेत गल्लीतून निघाली. गोजरबाई दारातून बघतच राहिली. पुतळाबाईच्या स्वयंपाकघरात फडक्यांनी झाकलेली दह्याची गाडगी ओळीनं मांडलेली होती.

"पुतळाबाई," लक्ष्मीबाईनं वाटी पुढं केली. "जरा इरजण दे गं."

पुतळाबाईनं तिच्याकडं पाहिलं. मग एका गाडग्यावरचं फडकं सारून घट्ट दही वाटीत घातलं.

"बघून घ्या मावशी. पेज नाय, दहीच हाय."

लक्ष्मीबाईला रडू आलं आणि हसूही आलं. तिनं वाटी पदराखाली झाकली.

"लागलं का नाय," ती म्हणाली, "ते सांगायला उद्या येते."