कोरी चादर

नोलीनने व्हरांड्यातल्या दोरीवर पांढरी चादर टाकली, तिच्यामागे दिवा लावला आणि कुंपणापलीकडच्या रॉसला हाक मारली. "गायींनी सोडलं असेल तर ये रे. तुझ्या डोळ्यांचं काम आहे."

रॉस पायरीवर गमबूट काढून आला. चादरीवर दोनच पतंग होते, चांगले मोठे.

"हे मलाही दिसतायत," ऐंशी उलटलेली नोलीन म्हणाली. "माझ्या कॅडिस कुठायत? ओढ्यातून येतात त्या बारक्या माश्या. दर उन्हाळ्यात चादर भरून जायची. हल्ली एक दिसत नाही."

पंधरवड्यापूर्वी, ओढ्याच्या वरच्या अंगाला, रॉसच्या गोठ्याचा शेणपाण्याचा खड्डा फुटला होता. सगळं ओढ्यात गेलं. त्याने खड्ड्याच्या बांधाचं भगदाड बुजवलं आणि कुणाजवळ ब्र काढला नाही.

"पाणी नासलं की आधी त्या मरतात," नोलीन म्हणाली. "पण वर तर तूच आहेस, तेव्हा पाण्याची काळजी नाही. उद्या जॅनिस येतेय. म्हणते, आई, तुझे डोळे गेलेत, एकटीने राहायचं नाही, इन्व्हरकार्गिलच्या वृद्धाश्रमात चल. म्हणून म्हटलं, तू नीट बघून सांग. आल्यात का?"

चोराच्या मनात चांदणं. नाही म्हटलं, तर पुढचा प्रश्न ओढ्याचाच येणार.

"आल्यात की," तो म्हणाला. "पुष्कळ आहेत."

"पुष्कळ?"

"खालच्या कडेला तर गर्दी झालीय." स्वतःची लाज वाटत होती, तरी जीभ थांबेना.

नोलीनने चष्मा काढला, स्वेटरला पुसला आणि परत न लावता खिशात ठेवला.

"मग जॅनिसचंच खरं," ती म्हणाली. "चादर तूच काढ बाबा. गवतावर नेऊन झटक. हळू हं. मला दिसत नाहीत म्हणून माझ्या हातून चिरडायला नकोत."

रॉसने चादर उतरवली. तेवढ्यात पतंगही उडून गेले. नोलीन दारातच उभी होती. तिच्याकडे बघायची त्याची हिंमत होईना. तो ओल्या गवतात गुडघ्यांवर बसला आणि एकेक कोपरा धरून ती कोरी चादर हळूहळू झटकत राहिला.