दोन आखूड, एक लांब

शिट्टी मारली ती टिटवीनेच. मधली सुट्टी संपत आली होती, जिन्यावर मुलींची ही गर्दी, आणि पार वरच्या पायरीवर बटण चढत होती. बटण म्हणजे तिची पहिलीपासूनची जिवाभावाची मैत्रीण, नाक बटणाएवढं म्हणून बटण. टिटवीने दोन बोटं तोंडात घातली आणि हाणली: दोन आखूड, एक लांब. अख्खा जिना मागे वळला. एकटी बटण वळली नाही.

ऐकू आलं नसेल म्हणावं, तर ती शिट्टी रस्त्यापलीकडच्या कुत्र्यालाही ऐकू गेली होती. टिटवीचे बाबा रंगारी. परांचीवरून खालच्या माणसाला डबा वर पाठव म्हणून सांगायचं तर ते अशी शिट्टी मारायचे. त्यांनी ती लेकीला शिकवली, आणि लेकीने एक अख्खी सुट्टी तोंडावर थुंकी झेलत बटणला शिकवली. सातवीपर्यंतच्या त्या छोट्या शाळेत टिटवीने हाक दिली की बटण असेल तिथून उत्तर द्यायची, एकदा तर न्हाणीघरातून. उत्तर ठरलेलं: एकच लांब, शेवटी वर उचललेली.

मग आठवीला दोघी या मोठ्या शाळेत आल्या. मैत्रीची दिवाळखोरी तिथून सुरू झाली. बटणच्या दातांना तारा बसल्या, ती खिडकीजवळच्या घोळक्यात जाऊन बसायला लागली आणि डबाही तिकडेच खायला लागली. परवा गेटपाशी हळूच म्हणाली, "शाळेत नको ना गं मारत जाऊस. सगळ्या बघतात."

"बघू देत. डोळे कशाला दिलेत?"

"तुला नाही कळायचं."

तुला नाही कळायचं! जिचं कालपर्यंत हिच्यावाचून पान हलत नव्हतं, ती हे म्हणाली. टिटवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. रात्री उशीत तोंड खुपसून रडलीही होती, पण ते कुणाला सांगायचं कारण नाही. म्हणून आज तिने मुद्दाम मारली. गप्प बसेल ती टिटवी कसली!

तास सुरू झाला तशा गणिताच्या बाई आल्या, त्या फळ्याकडे न जाता दारातच उभ्या राहिल्या.

"जिन्यावर शिट्टी कुणी मारली?"

"मी, बाई." टिटवी उठलीसुद्धा.

"शाळा आहे की बाजार?"

"बाजारात शिट्टी नाही मारत, बाई. नुसतं ओरडतात."

वर्गात खसखस पिकली. घोळक्यातली उंच मुलगी बटणच्या कानाशी काहीतरी पुटपुटली आणि बटण हसली. ओठ मिटून, तारा न दाखवता.

"अतिशहाणी! कुणाला मारत होतीस? नाव सांग. दोघींनाही बाहेर काढते."

बटण खाली मान घालून पेनाचं टोपण काढत होती आणि लावत होती. एक नाव घेतलं की तिचा नवा घोळका, खिडकीजवळची जागा, सगळं खलास. घोळक्याला कळलं असतं की ही त्या शिट्टीवालीची मैत्रीण. टिटवीच्या जिभेच्या टोकावर नाव आलं होतं, एवढी ती चिडलेली होती.

"जिला मारली ती इथे नाहीये, बाई," ती म्हणाली. "असती तर तिने उत्तर दिलं असतं."

"चल, बाहेर हो! तास संपेपर्यंत उभी राहा. आणि पुन्हा शिट्टी ऐकू आली ना, तर वडिलांनाच बोलावून घेईन."

दार बंद झालं. बाहेर चिटपाखरू नव्हतं. टिटवी भिंतीला टेकली. भिंतीला नुकताच रंग दिलेला होता, तोही एकच हात. बाबांनी बघितला असता तर दोन शिव्या घातल्या असत्या. बोलवा बाबांना! बाबा काय म्हणणार? म्हणतील, दमाने मारायची, लांबपर्यंत जाते.

तिने बाहीला नाक पुसलं, बोटं तोंडात घातली आणि दमाने मारली. दोन आखूड, एक लांब.

आत फळ्यावरचा खडू थांबला. बाई दाराकडे निघाल्याची पावलं ऐकू आली. तेवढ्यात बाक करकरलं, कुणीतरी उठलं, आणि मग आलं ते नुसतं फुस्स. शिट्टी कसली, सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसं. सगळा वर्ग फिदीफिदी हसला.

"ईऽ, थुंकी उडाली माझ्या अंगावर!" हा त्या उंच मुलीचा आवाज.

"आता तू? तूसुद्धा?" बाई कडाडल्या. "खाली बस आधी!"

पुन्हा फुस्स. तारांमधून सगळी हवा गळत होती. पण ती लांब होती आणि शेवटी वर उचललेली होती. टिटवीने तेवढ्यावरून ओळखली.

आत हसण्याचा कल्लोळ चालला होता, बाई टेबलावर डस्टर आपटत होत्या, आणि त्या सगळ्यात कुणीतरी तिसऱ्यांदा जोर लावत होतं. टिटवी भिंतीपाशी थोडी बाजूला सरकली. आणखी एकीला उभं राहायला जागा लागणार होती.