दर वेळी वेगळ्या जागी

तीन दिवस सून घरून ऑफिसच्या सर्व्हरच्या सॉफ्टवेअरचा गाभा, म्हणजे कर्नेल, आपल्या संगणकावर तयार करत होती आणि काम रोज अर्ध्यावर बंद पडत होतं. समोर सासूबाई नातवाचा स्वेटर विणत होत्या. “एवढं शिकून यंत्रापुढे हात टेकलेस होय?” “आई, एकाच जागी अडलं असतं तर माझी चूक. हे दर वेळी वेगळ्या जागी अडतंय. म्हणजे यंत्राच्या आतलंच काहीतरी गेलंय.” सासूबाईंच्या सुया थांबल्या. चाळीस वर्षं हातात बसलेला नमुना, पण परवा बाही चुकली, काल गळा, आज पाठ. तिन्ही वेळा त्यांनी सुनेने आणलेल्या लोकरीला नावं ठेवली होती. “मग आता?” “तो भाग काढून टाकायचा. नवा मिळतो.” “यंत्रांचं बरं असतं,” म्हणत सासूबाईंनी स्वेटर उसवला, लोकर गुंडाळली आणि सुयांसकट सुनेपुढे ठेवली. “लोकर चांगली आणली होतीस गं.”