छोटा स्पीकर

तालमीच्या खोलीत चार वादक, एक गायिका आणि दुकानातून वापरून बघायला आणलेले तीन स्पीकर होते. कीबोर्डवाली केतकी मोबाइलवर प्रत्येकाचा आवाज मोजत होती. इंदूताईंना डॉक्टरांनी ताणून गायला मनाई केली होती. स्पीकर जमला नाही, तर त्यांचं गाणं सुटणार होतं.

मोठा परवडत नव्हता. मधला सारखा शिट्टी मारत होता. छोटा ड्रमच्या दणक्यात बुडाला.

"राहू दे गं," इंदूताई म्हणाल्या. "दुसरी कुणी बघा."

"ताई, नाटकं नकोत हं!" दणक्यासाठीच नावाजलेल्या हेरंबने अंगातलं नवंकोरं जाकीट काढून ड्रमवर पसरलं. "हं, गा आता."

केतकी त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने पुन्हा मोबाइल धरला.

ड्रम ऐंशी डेसिबल, इंदूताई शहाऐंशी.