ढिगाऱ्याखालचा ठिपका

परांची कोसळली, तेव्हा साइटची सुपरवायझर म्हणून मी आधी मोबाइल पाहिला. नकाशावर सगळ्यांच्या हेल्मेटचे ठिपके फाटकाशी दिसत होते. फक्त माझ्या धाकट्या दिराचा ढिगाऱ्याखाली. मी रडतच ढिगाऱ्याकडे धावले.

"वहिनी, रडताय कुणासाठी?" मागून दीरच बोलला, बोडक्या डोक्याने. "हेल्मेट वर परांचीला टांगून चहाला सटकलो होतो. मोबाइलवर हजेरी चालू!"

"मेल्या, जीव घेतलास माझा!" मी त्याला धपाटा घातला, मग जवळ ओढलं. सगळे गवंडी-मजूर डोळ्यांसमोर होते, एकही कमी नव्हता. केवढं हायसं वाटलं!

नियम म्हणून मी मोबाइलवरून सगळ्या हेल्मेटांवर विचारलं, 'सुखरूप आहात का?' उत्तर द्यायला हेल्मेटचं बटण बोटाने दाबावं लागतं.

पहिलं उत्तर ढिगाऱ्याखालून आलं, 'हो.'