पत्र्याची जाडी

"सुरुवात कुठून केलीत, बाई?" सरांनी विचारलं.

"आठ मिलिमीटरपासून. आम्ही नेहमी आठच धरतो."

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. सर हसले नाहीत, तेच बाईंना जास्त लागलं.

कचेरीत त्यांना सगळे टाकीबाई म्हणत. पाण्याच्या पोलादी टाक्या उभ्या करण्यात त्यांचे केस पिकले होते. आता मोठ्या साहेबांचं फर्मान निघालं होतं: कमीत कमी पोलादात काम कसं बसवायचं, त्याचं गणित सगळ्यांनी शिकायचं आणि परीक्षा द्यायची. बाई नापास झाल्या, तर नकाशावर त्यांची सही चालणार नव्हती. त्यांची सूनही त्याच कचेरीत होती, अजून हंगामी. ती पास झाली, तरच कायम होणार होती.

"डोळ्यांवर पट्टी बांधून डोंगर उतरायचाय असं समजा," सर समजावत होते. "पायाला उतार लागेल तिकडे पाऊल टाकायचं. उतार संपला की थांबायचं. पण थांबलात तो तळच असेल असं नाही, वाटेतला खड्डाही असू शकतो. म्हणून दुसऱ्या बाजूनेही एकदा उतरून बघायचं."

बाईंनी मान हलवली. समजलं म्हणून नाही, सर पुढे जावेत म्हणून.

घरी सून भाजी चिरता चिरता त्यांना शिकवायची.

"आई, पत्रा जाड घेतला की बाहेरून आधाराच्या पट्ट्या कमी लागतात. पातळ घेतला की जास्त. दोन्हीकडे वजन एकदा खाली येतं. त्यातलं खरं खालचं कुठलं, ते शोधायचं."

"पातळ पत्रा फुगतो गं."

"पट्ट्या दिल्यात ना आपण?"

"पट्ट्या कागदावर देणं सोपं असतं."

मुलगा दारातून म्हणाला, "परीक्षेत तरी एकमेकींच्या चुका काढू नका. घरासाठी राखून ठेवा थोड्या."

सून हसली. बाईही हसल्या, पण मनातून नाही. कालपर्यंत जिला नकाशा कसा वाचायचा ते आपण शिकवलं, तिच्यापुढे आता आपणच पाटी घेऊन बसलोय. त्यात सून करायची ते कौतुक आणखी वेगळं. वर्गात कुणी बाईंवर हसलं की ती मागे वळून शांतपणे सांगायची, "आईंच्या टाक्या बघून या एकदा. एकही कधी फुगलेली नाही." असं तिने म्हटलं की बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं.

परीक्षेला एकच लांब टेबल होतं. "पहारा देणार नाही मी," सर म्हणाले. "तुम्ही मोठी माणसं आहात. आकडेमोड कच्च्या कागदावर करा आणि तो जाताना टोपलीत टाका. उत्तराच्या कागदावर पत्र्याची जाडी लिहा आणि दोन ओळींत कारण." एवढं सांगून ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

बाईंचं उत्तर आठ आलं. पुन्हा केलं, पुन्हा आठ. दुसऱ्या बाजूने उतरायला गेल्या, तर पट्ट्यांच्या हिशोबात अशा अडकल्या की कुठून आलो तेच कळेना. उत्तराच्या कागदावर आठ लिहून पेन्सिल खाली ठेवली आणि नजर आपसूक डावीकडे गेली. सुनेच्या कागदावर स्वच्छ अक्षरात सहा लिहिलं होतं.

त्यांनी मान फिरवली. कान तापले. देवा, हे बघितलं नाही असं कर, असं मनात म्हणून त्या उठल्या आणि कोपऱ्यातल्या माठाशी गेल्या. पाणी प्यायल्या. तिथेच थोडा वेळ उभ्या राहिल्या. सही गेली, तर कचेरीत आपण काय करायचं? दुसऱ्यांच्या नकाशांच्या घड्या घालायच्या?

परत आल्या तेव्हा सून कागदावरचा खोडरबराचा चुरा फुंकत होती. वर न बघता तिने कागद पालथा घातला. नीटनेटकी पोर, बाईंच्या मनात आलं. मग त्यांनी आठ खोडला आणि सहा लिहिला. खाली कारण लिहिलं: दोन्ही बाजूंनी उतरून पाहिलं. लिहिताना हात कापला नाही. त्याचीच त्यांना पुढे भीती वाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या देवापुढे बसल्या, पण नजर वर जाईना. व्रत मोडलं असतं, तर प्रायश्चित्त तरी ठाऊक होतं.

निकाल सरांनी तोंडीच सांगितला. "टाकीबाई पास. आणि ऐका, त्यांनी काय लिहिलंय. दोन्ही बाजूंनी उतरून पाहिलं. या वयात जुनी सवय मोडणं सोपं नसतं." टाळ्या वाजल्या. बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"एकच जण नापास," सर म्हणाले आणि सुनेकडे बघून त्यांनी आवाज उतरवला. "मला तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

बाईंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तिच्याच कागदावरचा आकडा आपल्या कागदावर बरोबर आणि तिच्या कागदावर चूक? कारण लिहायचं राहिलं असेल का? वेळ संपली असेल का?

दोघी पायीच घरी निघाल्या. कोपऱ्यावरचा दिवा ओलांडला तेव्हा बाईंनी मनाचा हिय्या केला.

"उद्या मी सरांकडे जाणार आहे. त्याआधी तुला एक सांगायचंय."

"आधी मी सांगते, आई. नाहीतर पुन्हा धीर व्हायचा नाही. त्या दिवशी टेबलावर जे झालं, त्याची मला फार लाज वाटतेय."

बाई जागच्या जागी थांबल्या. म्हणजे हिने पाहिलं होतं.

"रागावू नका," सून खाली बघत म्हणाली. "माझं सहाच आलं होतं, ते मी खोडलं. तुम्ही पाणी प्यायला उठलात, तेव्हा तुमच्या कागदावरचा आठ दिसला आणि मला वाटलं, आई कशा चुकतील?"