गोड्या पाण्याचं टोप

शेवटचा बोल्ट काही हटेना. बाकीचे हातोडा खाऊन, शिव्या खाऊन, डिझेल पिऊन एकेक करत सुटले होते. हा मात्र सगुणाच्या पिकअपखाली, डिझेलच्या टाकीला खेटून, रुसलेल्या जावयासारखा बसून होता. तुटलेला स्प्रिंगचा पाटा त्याच एका बोल्टावर लोंबत होता. नवा पाटा शेजारी गोणपाटावर पडून होता.

निलेश मेकॅनिक गाडीखालून सरपटत बाहेर आला. रोह्याजवळच्या वरशाहून तो पाटा मोटरसायकलला बांधून घेऊन आला होता.

"काकी, खरं सांगा. गाडी कशानं धुता?"

"खाडीच्या पान्यानं," सगुणा म्हणाली. "दर खेपेला, भरती आली की. मिठाचा कन ठेवत नाय."

"मीठ काढायला खारं पाणी! काकी, गाडी पाळलीय का लोणचं घातलंय?"

जमलेल्या बाया खदाखदा हसल्या. सगुणाला हसू आलं नाही. गाडीवर गोडं पाणी ओतावं हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं, आणि या पाड्यावर ते कुणाच्या मनात येणार? नळ आहे, पण त्याला पाणी आलं तर बातमी होते. हीच पिकअप जाताना मिठागराचं मीठ घेऊन रोह्याला जायची आणि येताना गडबच्या विहिरीवरून पिंपं भरून आणायची. पाटा तुटला तशी ती जागची हलली नव्हती, आणि घराघरात हंडे तळाला गेले होते.

"बोल्ट तुटला तर?" शेजारच्या मैनानं विचारलं.

"तुटला तर गॅसनं कापायला लागेल. चासी इथं पापडासारखी झालीय, ती पण तुटून हातात येईल. मग गाडी भंगारात."

"मंग तापव की त्याला."

"आणि टाकी? जाळ लावला तर गाडीबरोबर मी पण जाईन, वयनी." निलेशनं कपाळ पुसलं. "उकळतं पाणी पायजे. टोपभर. नटावर धार धरली आणि तो फुगला, तर सुटेल. बघू."

मैना बादली घेऊन खाडीकडे पळालीच.

"खारं नको!" निलेश ओरडला. "खाऱ्यानं तर ही दशा झालीय. गोडं आणा."

झालं! मघाशी हसणाऱ्या सगळ्या जणी दोन पावलं मागे सरल्या. टोपभर गोडं पाणी म्हणजे एका घराची रात्र, आणि ते ओतायचं मातीत! सगुणा कुणाकडे मागणार? तिच्या घरातलं उरलंसुरलं सकाळी निलेशच्या चहात गेलं होतं. ती गाडीच्या फाळक्याला हात लावून खाली मान घालून उभी राहिली.

ओट्यावर बसलेली काशीबाई तेवढ्यात गुडघे धरून उठली. म्हातारीच्या पिंपाला कुलूप असायचं आणि किल्ली कमरेला. लेकाच्या लग्नात तिनं व्याह्यांना पाणी मोजून वाढलं, असं बाया अजून सांगतात. ती घरात गेली. आता पिंपावरच बसणार बघ, असं मैना पुटपुटली.

आतून कुलूप उघडल्याचा आवाज आला. काशीबाई बाहेर आली ती पोटाशी टोप धरून. टोप काठोकाठ भरलेलं होतं.

"चूल पेटवा गो! बगत काय ऱ्हायल्या?"

पाणी उकळलं. निलेशनं गाडीखाली पडून नटावर बारीक धार धरली. वाफ उठली आणि तांबडं पाणी चिखलात पडायला लागलं. काशीबाई वाकून प्रत्येक थेंबाकडे बघत होती. सगुणानं बोल्टाच्या डोक्याला पाना लावून धरला, दुसरीकडून निलेशनं नटावरच्या पान्याला पाइप घातला.

"आधी आवळतो," तो म्हणाला.

"सोडायचा तर आवलतोस कशाला, मेल्या?" काशीबाई खेकसली.

"आजी, गंज आधी जागचा हलू दे. एकदम उलटा ओढला की बोल्टाची मान तुटते."

जरासा आवळला, जरासा सोडला. पुन्हा आवळला. कर्रर्र असा आवाज आला आणि थांबला.

"अजून थोडं पाणी लागेल, आजी."

काशीबाईनं टोपाच्या तळाकडे पाहिलं आणि टोप पुढे केलं. "वोत सगला."

निलेशनं सगळं ओतलं, दात आवळून पाइप खेचला आणि खाडकन आवाज झाला. सगुणानं डोळे घट्ट मिटले. गेली गाडी, गेलं पाणी, गेलं सगळंच.

"सुटला!" गाडीखालून निलेश ओरडला. "काकी, सुटला! सबंध आलाय!"

सगुणा तिथेच चिखलात फतकल मारून बसली आणि रडायला लागली. मग उठून तिनं काशीबाईचे पाय धरले. "काशीबाय, तुजे उपकार कसे फेडू गो?"

"ऊठ, ऊठ. माजे कसले उपकार?" म्हातारीनं पाय मागे घेतले. "ही गाडी इतकी वर्सं आपल्याला पाजतेय. तिला कवा कुनी तांब्याभर इचारलं काय?"

नवा पाटा बसला. सगुणानं चावी फिरवली, गाडी खोकली आणि सुरू झाली. टाळ्या पडल्या. बायांनी भराभर रिकामी पिंपं चढवली. सगळ्यात शेवटी काशीबाईचं पिंप आलं. त्याला कुलूप नव्हतं.

"काशीबाय, गडबला पोचले की पयलं तुजंच भरते," सगुणा डोळे पुसत म्हणाली.

"माजं मंगारी भर," काशीबाई म्हणाली आणि पदरानं मडगार्डवरचा चिखल पुसायला लागली. "पयली हिला न्हाऊ घाल."